क्राउन-पिनियन, ओढ आणि अ‍ॅव्हरेज : आडगाव ते वाशी, एका पिकअपच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

नाशिकमधल्या आडगावच्या ट्रक टर्मिनलवर आज पाच पिकअपमालक एकत्र बसलो होतो आणि दर महिन्याला निघणारा विषय पुन्हा निघाला. एकाचे म्हणणे असे, की मागच्या अ‍ॅक्सलचा क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारा दातेरी चाकांचा जोड, बदलून ‘लांब’ (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा) टाकला तर लिटरमागे दोन किलोमीटर सहज वाढतात. दुसऱ्याने मागच्या वर्षी तसा जोड टाकला होता आणि अ‍ॅव्हरेज उलट घटले, म्हणून पदरचे पैसे घालून जुना जोड परत बसवला. दिंडोरीच्या भाऊसाहेबांची गाडी मळ्यांतून माल उचलते. त्यांच्या मते असले काही केले तर गाडी ओढणारच नाही, आणि न ओढणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज घेऊन करायचे काय? तिघेही वर्षानुवर्षे गाडी चालवणारे आणि अनुभवाचेच सांगणारे आहेत, तरी तिघांचे निष्कर्ष तीन दिशांना जातात. याचा अर्थ मोजणीतच कुठेतरी खोट असली पाहिजे, असे मला घरी येताना वाटले आणि ही वही सुरू केली.

माझ्याकडे एकाच बनावटीच्या दोन पिकअप आहेत. दोन्ही बीएस-६ असून अडीच लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि पाच गिअर आहेत. पुस्तिकेप्रमाणे कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १४०० ते २२०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्यांच्या) पट्ट्यात मिळतो. दोन्हींची वॉरंटी संपली आहे. एक गाडी पुतण्या चालवतो आणि हंगामात आठवड्याला तीन खेपा आडगाव ते वाशी बाजार समिती अशा करतो. प्रयोग त्याच गाडीवर होईल. दुसरी आहे तशीच ठेवायची. डिझेल लिटरला नव्वदीच्या घरात असताना खेपेमागे लिटरभर वाचले तरी वर्षाचा हिशेब बदलतो. एकाने ‘चिप’ मारून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली मांडणी बदलून, इंजिनची ताकद वाढवण्याचेही सुचवले, ते मी लगेच बाजूला ठेवले. इंजिनचे धुराचे गणित ज्या नकाशावर (केव्हा किती डिझेल सोडायचे याच्या तक्त्यावर) बसवलेले आहे तोच नकाशा बदलायचा, आणि तपासणीत किंवा अपघातानंतरच्या विमा दाव्यात ते उघडे पडले तर उत्तर काय द्यायचे, हा प्रश्न मला अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठा वाटतो.

११ नोव्हेंबर

मूळ जोड कोणता आहे, हे कागदावर न मानता मोजून पाहिले. मिस्त्रींनी पुढच्या चाकांना उटी लावल्या, मागची दोन्ही चाके जॅकवर उचलून घोड्यांवर टेकवली आणि गिअर न्यूट्रलला ठेवला. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागे येणाऱ्या दांड्याच्या) जोडावर आणि हाउसिंगवर (क्राउन-पिनियनच्या आवरणावर) समोरासमोर खडूची एकेक रेघ ओढली. मी डावे चाक घट्ट धरून बसलो आणि मिस्त्री उजवे चाक सावकाश फिरवू लागले. एक चाक थांबलेले असताना दुसऱ्याचे दोन फेरे झाले म्हणजे आतील क्राउनचा (मोठ्या दातेरी चाकाचा) एक फेरा होतो, कारण डिफरन्शियल (फिरकी दोन्ही चाकांत वाटणारी यंत्रणा) दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी राखते. चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्ट साडेचारहून किंचित जास्त फिरला. पण ‘किंचित’ म्हणजे किती, हे डोळ्यांनी कळत नाही. तेव्हा मिस्त्री म्हणाले, “शेठ, अठरा फेरे मोजा, म्हणजे फसायला जागाच नाही.” अठरा फेरे झाले तेव्हा शाफ्टचे बरोबर एक्केचाळीस झाले होते आणि खडूची रेघ रेघेला तंतोतंत भिडली होती. म्हणजे क्राउनला ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ९, प्रमाण ४.५६.

४० आणि १० असे सोपे आकडे का घेत नाहीत, हेही मी विचारले. चाळीसला दहाने भाग जातो, त्यामुळे पिनियनचा एक दात क्राउनच्या त्याच चार दातांशी आयुष्यभर घासत राहील आणि एका दाताची खोड त्या चारांनाच भोवेल. ४१ आणि ९ यांना सामाईक भाजक नसल्यामुळे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपण कधी विचारली नव्हती, याचे मला नवल वाटले.

भाऊसाहेबांच्या गाडीवरही हीच मोजणी केली. तिथे सोळा फेऱ्यांत शाफ्टचे एक्केचाळीस झाले, म्हणजे ४१ व ८, प्रमाण ५.१३. त्यांची गाडी चढाला माझ्या गाडीपेक्षा का उचलते, याचे मोठे कारण इथेच सापडले. इंजिनाच्या अंगी काही वेगळे नाही.

१४ नोव्हेंबर

चाकाचा घेर मोजला. टायरमध्ये नेहमीची हवा आणि गाडीत पासिंगइतका माल असताना टायरवर आणि जमिनीवर खूण केली, गाडी दहा फेरे सरळ ढकलली आणि फीत लावली : २२ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे एका फेऱ्याला २.२६ मीटर. टायरच्या मापावरून कागदावर काढलेला घेर याहून थोडा जास्त येतो, कारण वजनाखाली टायर बसते. म्हणून भरलेल्या गाडीवरच मोजणे बरे.

या एका आकड्यावरून बाकीचे सगळे निघते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजेच चाकाचे ४४२ फेरे. आमच्या पाचव्या गिअरचे प्रमाण साधारण ०.८३ आहे. त्यामुळे ४.५६ च्या जोडावर ६० च्या वेगाला इंजिन १६७० च्या आसपास फिरते आणि ८० च्या वेगाला २२३० वर जाते. ज्याची चर्चा चालली आहे तो लांब जोड ३७ व ९ चा, म्हणजे ४.११ चा आहे. तो टाकला तर हेच आकडे १५१० आणि २०१० होतात. भाऊसाहेबांच्या ५.१३ वर ते १८८० आणि २५१० आहेत. हे आकडे मांडल्यावर लांब जोडाचा मोह का होतो, ते स्पष्ट दिसते : त्याच वेगाला इंजिनाचे फेरे दहा टक्के कमी, म्हणजे आतील घर्षणात आणि हवा आत-बाहेर ढकलण्यात जाणारे डिझेल कमी. आणि भाऊसाहेबांचा आक्षेपही तितकाच स्पष्ट दिसतो : प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी पोहोचणारी ओढ तेवढ्याच दहा टक्क्यांनी घटते. फुकट काहीच मिळत नाही. फक्त आपल्या वाटेवर कोणती बाजू जड पडते, हे पाहायचे.

मीटरही तपासला. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांप्रमाणे २० किलोमीटर चाललो तेव्हा मीटरने २०.३ दाखवले, मोबाइलवरच्या जीपीएसने दगडांना दुजोरा दिला. टायर थोडे झिजलेले आहेत, त्यामुळे मीटर थोडे जास्त बोलतो. आज हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो लिहून ठेवला.

३० नोव्हेंबर

मूळ जोडावरच्या सहा खेपा पूर्ण झाल्या. पद्धत अशी ठरवली होती : पंप एकच, नोझलही शक्यतो तेच, गाडी सपाट जागी उभी, पहिल्यांदा नोझल आपोआप बंद झाले की तिथेच थांबायचे, वर थेंबभरही घालायचे नाही. टायरची हवा दर खेपेला गाडी थंड असताना तपासायची. जाताना टोमॅटोचे ६५ कॅरेट, म्हणजे तेराशे किलोच्या आसपास माल. येताना रिकामे कॅरेट. गाडी चालवण्याची पुतण्याची जी सवय आहे तीच ठेवायची, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ७५ ते ८०. प्रयोग चालू आहे म्हणून जपून चालवायचे नाही, असे त्याला बजावले होते, कारण माणूस मोजला जातोय असे कळले की पाय आपोआप हलका होतो.

एका खेपेचे खरे अंतर ३५२ किलोमीटर, मीटरवर ३५७. सरासरी डिझेल २९.८ लिटर. खरे अ‍ॅव्हरेज ११.८. सहाव्या खेपेला एक लिटर जास्त लागले. त्या रात्री भिवंडीच्या बाजूला दीड तास कोंडी होती. ती खेप वगळण्याचा मोह झाला, पण कोंडी हा आमच्या धंद्याचा भागच आहे म्हणून ठेवली.

४ डिसेंबर

आज वही घेऊन नुसता घाटाचा हिशेब केला, आणि मला वाटते की या साऱ्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही मालकमंडळी इथेच विसरतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि वाशी जवळजवळ समुद्राला लागून आहे. इथला माल, मग तो टोमॅटो असो, द्राक्षे असोत की पालेभाजी, मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरतो. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. असे असताना टर्मिनलवर ‘घाटात ओढली पाहिजे’ म्हणून आखूड (मोठ्या प्रमाणाच्या, जास्त ओढणाऱ्या) जोडाचा आग्रह धरणाऱ्यांपैकी निम्म्यांची गाडी घाट भरून कधीच चढत नाही. उलट ज्यांना भिवंडीच्या गोदामातून परतीचे भाडे मिळते, त्यांचा घाट खरोखर भरल्या गाडीचा असतो. तेव्हा जोड कोणता, या प्रश्नाआधी परतीला काय आणता, हे विचारायला हवे.

आकड्यांत सांगायचे तर रिकामे कॅरेट धरून १८०० किलोची गाडी ६०० मीटर वर नेण्यासाठी सुमारे १०.६ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलात ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि त्यातली चाकापर्यंत ढोबळ मानाने एक तृतीयांश पोहोचते. म्हणजे चढाचा खरा खर्च ०.९ लिटर. तीन टनांची भरलेली गाडी असेल तर दीड लिटर. जवळपास तीस लिटरच्या खेपेत हा वाटा लहान आहे. बाकीचे डिझेल वारा कापण्यात, टायरच्या घर्षणात, ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यात आणि कोंडीत उभे राहण्यात जाते. घाटात इंजिन मोठा आवाज करते म्हणून सगळे डिझेल तिथेच गेले असे वाटते, एवढेच.

उताराबद्दलही एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. पुतण्याच्या वयाची बरीच मुले डिझेल वाचते या समजुतीने उताराला गाडी न्यूट्रल करतात. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने वाचत तर नाहीच, वर तीन टनांची गाडी केवळ ब्रेकच्या भरवशावर राहते आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. लांब जोड टाकल्यावर उताराला इंजिनाचा अडसरही दहा टक्के कमी होणार आहे, त्यामुळे जो घाट आजवर चौथ्यात उतरत होतो तो तिसऱ्यात उतरायचा, हे जोड टाकण्याआधीच पुतण्याशी बोलून ठरवले.

११ डिसेंबर

जोड आला आणि परत गेला. ३७ व ९ चा संच आमच्याच हाउसिंगला बसतो याची खात्री करून एका दुकानातून मागवला होता. मिस्त्रींनी खोके उघडून डिझेलने ग्रीस धुतले, क्राउनच्या कडेवरचा कोरलेला क्रमांक चष्मा लावून वाचला, मग पिनियनच्या तोंडावरचा वाचला आणि दोन्ही वस्तू मुकाट्याने पुन्हा खोक्यात ठेवल्या. क्रमांक वेगळे होते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरतात. दात तितकेच असले तरी एका जोडातला क्राउन दुसऱ्याच्या पिनियनशी नांदत नाही. दुकानदाराचे म्हणणे, “दात मोजून घ्या, बरोबर आहेत.” दात बरोबर होते, जोडी चुकीची होती. दोन दिवस वाद घालण्यात गेले आणि गाडी भाड्याला गेली. ज्या कुणाला हे काम करायचे असेल, त्याने पैसे देण्याआधी दुकानातच दोन्ही क्रमांक वाचून घ्यावेत.

१६ डिसेंबर

नवा जोड आला, क्रमांक जुळले, आणि आज बसवला. पिनियनचे दोन्ही बेअरिंग, ऑइल सील आणि नट नवे घेतले; जुने चालले असते, पण एवढे उघडून पुन्हा जुने घालण्यात शहाणपण नाही. डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१८ मिलिमीटर ठेवला. तेल ८०डब्ल्यू-९० चे, जीएल-५ दर्जाचे. अशा जोडाचे तिरके, हायपॉइड दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, सरकतातही, म्हणून त्यांना हाच दर्जा लागतो. गिअरबॉक्सचे उरलेले तेल इथे ओतण्याची गॅरेजमधली सवय चुकीची आहे. एकूण खर्च मजुरीसह १४,००० रुपये.

१८ डिसेंबर

पहिल्याच फेरीत घरघर ऐकू आली. ५५ ते ६० च्या दरम्यान, पाय काढला की मागून एकसुरी आवाज आणि पाय दिला की शांत. मी पुतण्याशेजारी बसून पिंपळगावपर्यंत जाऊन आलो आणि हा आवाज टायरचा नाही, याची खात्री केली, कारण टायरचा आवाज पाय दिल्या-काढल्याने बदलत नाही.

मिस्त्रींनी कुरकुर न करता पुन्हा उतरवले. दातांवर रंगाचा पातळ थर लावून क्राउन दोन्हीकडे फिरवला. रंग जिथे पुसला गेला तो ठसा दाताच्या मधोमध यायला हवा होता; तो दाताच्या मुळाकडे सरकलेला दिसला. म्हणजे पिनियन आत जास्त गेले होते. त्यामागची शिम (अंतर ठरवणारी पातळ चकती) मिस्त्रींनी कागदाइतकी पातळ बदलली आणि पुन्हा रंग लावला; तिसऱ्या खेपेला ठसा दाताच्या पोटावर, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा, स्वच्छ उमटला. तो दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मजुरीत मावणारे नव्हते. रात्री पुन्हा चालवून पाहिले, आवाज नाही.

६ जानेवारी २०२६

पहिली खेप दात बसण्यासाठी सौम्य चालवून हिशेबाबाहेर ठेवली आणि त्यानंतरच्या सहा खेपा मोजल्या. सुट्टीत टर्मिनलवर पुतण्याने निराश चेहऱ्याने वही पुढे केली. “काका, अ‍ॅव्हरेज पडलं. आधी बारा होतं, आता सव्वाअकरा.” त्याने मीटरवरचे ३२२ किलोमीटर २८.६ लिटरने भागले होते.

खेप तीच, रस्ता तोच, मग मीटरवर ३५७ चे ३२२ कसे झाले? उत्तर मीटरमध्येच आहे. आमच्या गाडीत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटीला आहे. तो शाफ्टचे फेरे मोजतो आणि त्यावरून किलोमीटर ठरवतो. लांब जोड टाकल्यावर तितक्याच रस्त्यासाठी शाफ्ट दहा टक्के कमी फिरतो, आणि बिचाऱ्या मीटरला जोड बदलल्याचे ठाऊक नसते. पुन्हा दगडांवर तपासले : २० किलोमीटरला मीटर १८.३ दाखवतो. म्हणजे मीटरच्या आकड्याला १.०९३ ने गुणायचे. ३२२ चे होतात ३५२, आणि २८.६ लिटरला खरे अ‍ॅव्हरेज १२.३ येते. आधीच्या ११.८ वरून १२.३, वाढ चार टक्क्यांच्या थोडी वर.

मागच्या वर्षी ज्या मित्राने अ‍ॅव्हरेज घटले म्हणून जोड परत काढला, त्याला मी आजच फोन केला. त्याने मीटरचाच आकडा धरला होता. त्याचे दोन वेळची मजुरी आणि एका जोडाचे पैसे एका गुणाकाराच्या अभावी गेले, याचे मला मनापासून वाईट वाटले. उलट दिशेची फसगतही होते : आखूड जोड टाकणाऱ्याचा मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि तो ओढही वाढली, अ‍ॅव्हरेजही वाढले असे सगळ्यांना सांगत सुटतो. आमच्या पहिल्या दिवशीच्या वादाचे मूळ बहुधा इथेच होते. वेगाचा काटाही आता कमी दाखवतो, हे त्याहून गंभीर आहे. काट्यावर ७३ असताना गाडी खरी ८० ने धावत असते. पुतण्याला हे नीट समजेपर्यंत मी खेपेला पाठवले नाही. ज्या गाड्यांत वेग चाकांवरच्या सेन्सरवरून घेतात त्यांना ही अडचण येत नाही, पण आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे दगडांवर तपासूनच ठरवावे.

१० जानेवारी

अ‍ॅक्सलचे तेल बदलले. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी होती, कपची नव्हती. हाउसिंगला हात लावून पाहिला, कोमट.

१७ जानेवारी

डॅशबोर्डवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला. पुतण्याला विचारल्यावर कळले, की लांब जोडावर इंजिन शांत चालते म्हणून तो शहरातूनही पाचवा गिअर टाकू लागला आहे, नाशिकमधल्या द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ४५ च्या वेगाला. हिशेब केला : ४५ ला पाचव्यात इंजिन ११३० आरपीएमवर येते. टॉर्कचा पट्टा १४०० ला सुरू होतो, म्हणजे इंजिन अक्षरशः रडत होते. इतक्या कमी फेऱ्यांवर जोर दिला की ज्वलन अपुरे होऊन काजळी वाढते आणि ती फिल्टरमध्ये साचते. ती जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल टाकते, म्हणजे वाचवलेले तिथे गेले. महामार्गावर अर्धा तास चौथ्यात २००० च्या पुढे चालवल्यावर दिवा गेला. आता नियम केला : खरे ६० झाल्याशिवाय पाचवा नाही. कमी फेरे म्हणजे कमी डिझेल, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, आणि ती मर्यादा इंजिनाच्या टॉर्कच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आहे.

२४ जानेवारी

परतीला भिवंडीहून फरशीचे भाडे मिळाले, चौदाशे किलो. मी मुद्दाम सोबत गेलो. कसाऱ्याच्या चढावर आमच्या पुढे एक कंटेनर बंद पडला होता आणि रांग दर पाच-दहा मीटरवर थांबत होती. मूळ जोडावर अशा ठिकाणी पहिल्या गिअरला गाडी सहज उचलत असे. आज प्रत्येक वेळी निघताना पुतण्याला क्लच जरा जास्त वेळ अर्धा धरावा लागत होता, आणि आठ-दहा वेळा असे झाल्यावर केबिनमध्ये तो ओळखीचा करपट वास आला. गाडी हँडब्रेकवर थांबवली, पाचरी लावल्या आणि वीस मिनिटे काहीच केले नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, ते ऐकून घेतले. वळणावर खाली दरीत धुके साचलेले होते आणि फरशीच्या खोक्यांच्या दोऱ्या थंडीने ताठ झाल्या होत्या. मी त्या एकेक करून पुन्हा आवळल्या.

वास पुन्हा आला नाही, पण धडा सरळ आहे. दहा टक्के ओढ कमी झाली, हे सपाटीवर जाणवत नाही, धावत्या चढावर एक गिअर खाली टाकून भागते. भरल्या गाडीने चढावर थांबून निघताना मात्र पहिल्याच्या खाली गिअर उरलेला नसतो आणि ती तूट क्लच भरून काढतो. क्लच प्लेटचा खर्च डिझेलच्या बचतीत धरला नाही तर हिशेब अपुरा राहील. परतीचे जड भाडे महिन्यातून एकदा असेल तर चालेल. रोज असेल तर हा जोड त्या गाडीसाठी नाही.

८ फेब्रुवारी

द्राक्षांची आवक वाढू लागली आहे, वजन तेच ठेवले. या वेळी जोड न बदलता फक्त वेग बदलला. पाच खेपा, मोकळ्या रस्त्यावर खरे ६५, त्यापुढे नाही. सरासरी डिझेल २५.७ लिटर, अ‍ॅव्हरेज १३.७.

हा आकडा मी दोनदा तपासला. चौदा हजार खर्चून, दोनदा हाउसिंग उघडून जे मिळाले ते चार टक्के; आणि काहीही न खर्चता पाय आवरून मिळाले ते अकरा टक्के. कारण समजण्यासारखे आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ६५ वर आले की तो एक तृतीयांशाने घटतो, आणि कॅरेट रचून वर ताडपत्री ओढलेली पिकअप वाऱ्याला भिंतीसारखीच असते. पुतण्याने बांधलेल्या ताडपत्रीची सैल टोके फडफडत होती, तीही दोरीने आवळायला लावली. त्याचा वेगळा हिशेब मात्र मी केलेला नाही.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. खेपेतले सुमारे २५० किलोमीटर मोकळे मिळतात, त्यावर जाऊन-येऊन पाऊण तास जास्त लागतो. वाशीला लिलावाच्या वेळेत पोहोचायचे असेल तर आडगावहून अर्धा तास आधी निघावे लागते, आणि म्हणजे शेतकऱ्याने कॅरेट अर्धा तास आधी भरून ठेवावे लागतात. तीन शेतकऱ्यांशी बोललो. दोघे तयार आहेत, तिसऱ्याकडे तोडणीला माणसेच उशिरा येतात. त्याच्या खेपेला वेग जास्त राहील, हे मान्य करूनच भाडे ठरवले.

१७ फेब्रुवारी

टर्मिनलवर सगळ्यांसमोर वही उघडली. पैशांचा हिशेब असा, की जोडामुळे खेपेला १.२ लिटर, म्हणजे एकशे आठ रुपयांच्या आसपास वाचतात. चौदा हजार वसूल व्हायला १३० खेपा लागतील, म्हणजे आठवड्याला तीन धरल्या तर सुमारे दहा महिने. क्लच आधीच गेला तर त्याहून जास्त. वाशीची गाडी आठवड्यातून तीनदा जाते आणि परतीला बहुतेक रिकामी येते, म्हणून तिच्यावर ४.११ चा जोड ठेवतो. दुसरी गाडी मूळ जोडावरच राहील, कारण तिला परतीचे भाडे जास्त मिळते, आणि यापुढे भिवंडीचा माल तिच्यातूनच आणायचा.

भाऊसाहेबांनी विचारले, “मग माझ्या गाडीचं काय करू?” त्यांची गाडी दिवसभर मळ्याच्या कच्च्या वाटेवरून, नांगरटीच्या कडेने, ओल्या चिखलातून द्राक्षे काढते आणि पिंपळगावला पोहोचवून परत येते, ६० च्या पुढे ती दिवसातून दहा मिनिटे जात असेल. पाचव्या गिअरचे फेरे कमी करून तिचे काहीच वाचणार नाही. मी त्यांना ५.१३ चाच ठेवायला सांगितले आणि टायरची हवा पाहिली. मागच्या डाव्या चाकात बरीच कमी होती. ती तिथेच भरून घेतली.

पुतण्याने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठळक अक्षरांत ‘मीटर × १.०९३’ आणि त्याखाली ‘काटा ५९ = खरे ६५’ असे लिहून काट्याशेजारी चिकटवले आहे. संध्याकाळी साडेसातला कॅरेट भरून झाले आणि गाडी निघाली.